औषध अंगावर उठलं

२०१९ च्या जून महिन्यात एक जुनी फाइल माझ्या टेबलावर परत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली, वर रबर लावलेलं. आतल्या केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं होतं, 'अँटीफंगल औषधांची ॲलर्जी. देऊ नयेत.' तारीख २०१३ ची आणि खाली सही माझी.

फाइल आणणारा माणूस इचलकरंजीतल्याच एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर. माग बंद पडला की पहिली हाक त्याला. त्यानं शर्ट वर केला. कमरेपासून पाठीपर्यंत गजकर्णाची कडी एकात एक गुंतलेली. जांघेतली कातडी मलमांनी विरलेली आणि तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा जांभळट रेघा. बायकोच्या अंगावर तेच, थोरल्या मुलीच्या मानेवर तेच.

"मॅडम, जिथं जाईन तिथं ही फाइल दाखवतोय," तो म्हणाला. "तुमचं लाल अक्षर बघितलं की गोळी कुणी देत न्हाई. मलम तेवढं देत्यात."

सहा वर्षं त्या माणसानं माझा शब्द पाळला होता. कागद पावसात भिजू दिला नव्हता. प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे तो न विसरता ठेवला होता. रुग्णानं करायचं ते सगळं त्यानं केलं होतं, आणि माझा शब्दच चुकीचा होता.

२०१३ मध्ये काय झालं होतं ते केसपेपरवर माझ्याच अक्षरात होतं. जांघेत आणि कमरेला गजकर्ण. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी, रोज एक. चौथ्या दिवशी तो कामावरून तसाच आला होता. दोन्ही हातांच्या बोटांच्या कडांना साबुदाण्यासारखे बारीक, खोलवर रुतलेले पाण्याचे फोड आणि जीव नकोसा करणारी खाज. "गोळी अंगावर उठली," असं तो म्हणाला आणि मीही तेच मानलं. गोळी बंद केली, खाजेचं औषध दिलं, दहा दिवसांत हात साफ झाले. मग मी लाल पेन उचललं. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण एका माणसाला पुढच्या धोक्यातून वाचवलं.

खरं तर त्याला ॲलर्जी होती, पण ती गोळीची नव्हती. ती त्याच्या जांघेतल्या बुरशीची होती.

आमच्या शास्त्रात याला 'आयडी रिअ‍ॅक्शन' म्हणतात. बुरशी एका जागी असते आणि पुरळ दुसऱ्याच जागी उठतं. फोडांतली साल काढून तपासली तर तिथं बुरशीचा धागाही सापडत नाही. असं मानलं जातं की बुरशीचे तुकडे, तिची प्रथिनं रक्तात उतरतात आणि शरीराच्या संरक्षक पेशी दूरच्या कातडीवर, बहुतेक वेळा बोटांच्या कडांवर, त्यांच्याशी लढायला लागतात. आणि हे बऱ्याचदा होतं कधी, तर उपचार सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत, गोळीनं बुरशी मरायला लागली की. म्हणजे औषध नेमकं लागू पडत असताना रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही वाटतं की औषध बाधलं. अशा वेळी औषध थांबवणं हीच चूक असते. बुरशी गेली की हातही आपोआप बरे होतात.

हे मला २०१३ मध्ये माहीत नव्हतं का? माहीत होतं. एम.डी.च्या परीक्षेत त्यावर मी पानभर लिहिलं होतं. पण समोर घाबरलेला माणूस, बाहेर चाळीस जण बसलेले, आणि 'गोळी घेतली, पुरळ आलं' हे दोन शब्दप्रयोग इतके जवळजवळ उभे की मधली जागा मी पाहिलीच नाही. जांघेची साल मी काढली होती, हाताची काढली नव्हती. पाच मिनिटांचं काम होतं. काचपट्टीवर थोडी साल, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, आणि मायक्रोस्कोप.

दुसरी चूक त्याहून मोठी. मी औषधाचं नाव लिहिलंच नव्हतं. 'अँटीफंगल' हे काही एका औषधाचं नाव नाही. टर्बिनाफिन वेगळ्या कुळातलं, फ्लुकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल वेगळ्या कुळातली, १९३९ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीतूनच सापडलेलं ग्रिसिओफल्विन तिसरंच, ॲम्फोटेरिसिन चौथं. त्यांचे रेणू एकमेकांसारखे दिसतही नाहीत. 'अँटीफंगलची ॲलर्जी' लिहिणं म्हणजे एखाद्याला शेंगदाणा बाधला म्हणून 'जेवण बाधतं' असं लिहून ठेवण्यासारखं. त्या पाच शब्दांनी मी त्याच्यासाठी सगळीच दारं बंद केली आणि एकच उघडं ठेवलं, ते स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाचं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गजकर्णानं जे रूप धरलं आहे, घरंच्या घरं त्यानं भरली आहेत, त्यात या मलमांचा हात मोठा आहे. मलमानं लाली जाते, खाज थांबते आणि बुरशी आत निवांत वाढते. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही ती मिळतात, किराण्यासारखी.

आमच्या भागात लोक औषधाबद्दल बोलतात ती भाषा मला हळूहळू कळत गेली. 'औषध अंगावर उठलं', 'औषध गरम पडलं', 'मानवलं नाही', 'लागू पडलं नाही'. हे चारही शब्द वेगळे आहेत आणि माणसं ते नीट जपून वापरतात. गरम पडलं म्हणजे तोंड आलं, लघवीला जळजळ झाली, डोळे चुरचुरले. मानवलं नाही म्हणजे मळमळ, पोटात कालवाकालव, झोप उडाली. लागू पडलं नाही म्हणजे गुणच आला नाही. अंगावर उठलं म्हणजे मात्र कातडीवर काहीतरी दिसलं. सुरुवातीला मी या चौघांनाही 'रिअ‍ॅक्शन' म्हणून एकाच रकान्यात टाकत असे. आता कुणी 'गरम पडली' म्हणालं की मी तोंड उघडून दाखवायला सांगते, डोळ्यांच्या कडा बघते, लघवीच्या जागेचं विचारते. कारण औषधाच्या ज्या रिअ‍ॅक्शन जिवावर बेततात, त्यांची पहिली खूण कित्येकदा तिथंच असते. ओठ सोलणं, डोळे लाल होणं, कातडी नुसती खाजण्याऐवजी दुखणं. 'गरम पडलं' या शब्दाला मी कधीही हसून सोडत नाही.

आणि मी तारीख विचारते. गोळी कधी सुरू केली, पुरळ कधी दिसलं, मध्ये किती दिवस. औषधाच्या ॲलर्जीत सगळ्यात जास्त बोलतो तो हा मधला काळ. गोळीनंतर तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर ती एक गोष्ट. आठव्या-दहाव्या दिवशी गोवरासारखं पुरळ, ती दुसरी. तीन-चार आठवड्यांनी ताप, चेहऱ्याला सूज, गाठी, लिव्हर बिघडलेलं, ती तिसरी आणि फार गंभीर. पण तारीख कुणाला आठवते? लग्न, जत्रा, पगार यांच्या आधारानं लोक सांगतात. मग मी सांगायला लागले, घरातलं कालनिर्णय घेऊन या.

ती कल्पना एका शिलाई कामगार मुलीमुळे सुचली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. खालच्या ओठाच्या डाव्या कडेला आणि उजव्या मनगटावर रुपयाएवढा काळपट डाग. अधूनमधून डाग लाल व्हायचा, जळजळायचा, ओठावरचा तर फुटायचा, आणि मग आधीपेक्षा काळा होऊन बसायचा. शेजारणी म्हणत ताप फुटला. एका डॉक्टरांनी हर्पिस सांगितला होता आणि त्या शब्दाचा घरात जो अर्थ लावायचा तो लावला गेला होता. नवरा दवाखान्यात आला नव्हता. सासू आली होती, पण खुर्चीत बसली नाही, दाराशीच उभी राहिली.

"काही गोळ्या चालू आहेत का?"

"न्हाई मॅडम, काहीच न्हाई."

दुसऱ्या भेटीतही हेच उत्तर. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, घरात औषधाची जी काही पाकिटं, पुड्या असतील त्या सगळ्या एका पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर उलटी केली. त्यात फ्लुकोनॅझोल १५० ची रिकामी पाकिटं निघाली, आठ-नऊ तरी. मांड्यांवरच्या गजकर्णासाठी कुणीतरी दिलेली, आठवड्यातून एक. ती मुलगी खोटं बोलत नव्हती. रोज घेतो ती गोळी, सोमवारी एकदा घेतो ती तिच्या लेखी गोळीच नव्हती.

पुढच्या वेळी तिनं कालनिर्णयाची तीन पानं आणली. चौकटींत सासूच्या अक्षरात दुधाचा हिशोब, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि सोमवारांवर तिनं पेनानं दिलेला एक बारीक ठिपका, गोळी विसरू नये म्हणून. मी तिला ओठ कधी कधी जळजळला ते आठवायला लावलं. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, नणंद आली तेव्हा, वटपौर्णिमेला. एकेक दिवस आम्ही दोघींनी पानावर शोधला. प्रत्येक वेळी तो ठिपक्याच्या त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी येत होता. सासूबाई दारातून पुढं येऊन पान बघायला लागल्या.

याला ठरावीक जागी उठणारी औषधाची रिअ‍ॅक्शन म्हणतात. फ्रान्सच्या ब्रोक यांनी १८९४ मध्ये तिला 'फिक्स्ड' हे नाव दिलं तेव्हा दोषी औषध वेगळं होतं, पण वागणं हेच. औषध पोटात गेलं की शरीरभर जातं, पण कातडी पेटते ती त्याच जुन्या डागावर. कारण त्या डागात संरक्षक पेशींचा एक पहारा कायमचा बसलेला असतो आणि त्याला त्या औषधाची ओळख विसरता येत नाही. आपल्याकडे वेदनाशामक गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्समुळे ही रिअ‍ॅक्शन बऱ्याचदा दिसते. फ्लुकोनॅझोलचं नाव या यादीत डॉक्टरांनाही चटकन सुचत नाही. बुरशीवरची साधी गोळी म्हणून तिच्याकडे कुणी संशयानं पाहत नाही.

कॅलेंडर बोललं तरी पुरावा हवा होता, कारण माझ्यामागे एक लाल अक्षर होतं. आधी मनगटावरच्या डागावरच औषधाची पट्टी लावून पाहिली. या रोगात पट्टी कोऱ्या पाठीवर लावून उपयोग नसतो, पहारा डागात असतो. पट्टी काहीच बोलली नाही. पण पट्टी गप्प राहिली म्हणून औषध निर्दोष ठरत नाही, हेही तितकंच खरं. मग तीन आठवडे मध्ये जाऊ दिले, कारण एकदा पेटून गेलेला डाग काही दिवस पुन्हा पेटत नाही. त्यानंतर तिची लेखी संमती घेतली आणि सकाळी दहाला दवाखान्यात बसवून पाव गोळी दिली. पूर्ण अंगावर किंवा तोंडाच्या आत पसरलेली रिअ‍ॅक्शन असती तर असं धाडस मी कधीही केलं नसतं. दुपारी दोनला तिनं ओठावर बोट ठेवलं. "आलं बघा."

तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल. ओठ पेटला होता आणि ती हसत होती. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं नाही वगैरे, पण घरी जाताना तिची पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. मी भारताच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा फॉर्म भरून पाठवला. गाझियाबादला त्याचं केंद्र आहे, १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णही स्वतः कळवू शकतो. हे सांगायची मला घाई आहे, कारण आमच्या भागात हा नंबर ठाऊक असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

मलमांची गोष्ट वेगळी. तिथं दोष औषधाचा की मलमाचा, हा प्रश्न असतो. एका निवृत्त शिक्षकांच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. क्लोट्रिमॅझोलचं मलम लावलं की पाय आणखी लाल, ओला, आणि लाली मलम जिथवर पसरलं तिथवर नेमकी आखल्यासारखी. सगळ्यांनी चिखल्या वाढल्या असं धरून जास्त मलम लावायला सांगितलं होतं. मला ती आखीव कड खटकली. बुरशी अशी सरळ रेघ पाळत नाही, माणसाचं बोट पाळतं.

पाठीवर चाचणीच्या पट्ट्या लावल्या. ही चाचणी १८९५ मध्ये ब्रेस्लाउच्या याडासोन यांनी मांडली आणि तिच्यात मूळ गोष्ट फारशी बदललेली नाही. संशयित पदार्थ बारीक वाट्यांत भरून पाठीवर चिकटवायचे, दोन दिवस ठेवायचे, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी वाचायचे. भारतीय संचात काँग्रेस गवताचीही वाटी असते. पुण्याच्या आसपास पन्नासच्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं ते गवत, त्यानं किती शेतकऱ्यांचे चेहरे जाळले ते आठवलं की ती वाटी भरताना दर वेळी हात जरा थांबतो. मास्तरांच्या पाठीवर मलम जसंच्या तसं लावलेली जागा चौथ्या दिवशी लाल आणि फुगलेली. व्हॅसलिनमध्ये कालवलेलं शुद्ध क्लोट्रिमॅझोल मात्र साफ कोरं. आणि क्लोरोक्रेसॉलची वाटी पेटलेली. क्लोरोक्रेसॉल म्हणजे मलम टिकावं म्हणून त्यात घालतात तो पदार्थ. म्हणजे औषध निर्दोष होतं, ते ज्या लोण्यात कालवलं होतं ते बाधत होतं. तेच औषध पावडरच्या रूपात दिलं आणि मास्तरांचे पाय बरे झाले.

पण ही चाचणी मी जितक्यांना सांगते त्यांतले निम्मेही करत नाहीत आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम नाही. सुताचे धागे तुटू नयेत म्हणून ज्या शेडमध्ये हवा दमट ठेवलेली असते, तिथं बारा तास उभं राहणाऱ्या माणसाच्या पाठीवर पट्टी टिकणार कशी? म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवायची. मास्तर पेन्शनवर होते म्हणून त्यांचं निदान झालं. हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता उलट बाजू सांगते, कारण आयडी रिअ‍ॅक्शनचं ऐकून कुणी अंगावर उठलेली प्रत्येक गोळी रेटत राहील तर अनर्थ होईल. शिरोळ तालुक्यातले एक आजोबा. पायाच्या नखांतल्या बुरशीसाठी टर्बिनाफिन. दहाव्या दिवशी मान, काखा, जांघा लालभडक आणि त्यावर खसखशीएवढे शेकडो पांढरे पिवळे ठिपके, अंगात ताप. ते पू-फोड पाहून कुणीतरी बुरशी अंगभर पसरली असं ठरवलं आणि गोळी दुप्पट केली. माझ्याकडे आले तेव्हा आजोबा थंडीनं कुडकुडत होते. फोडातला पू तपासला: ना बुरशी, ना जिवाणू. पांढऱ्या पेशी अठरा हजारांवर. डाग, तारीख, ताप, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. अचानक अंगभर उठणारी पुटकुळ्यांची ही रिअ‍ॅक्शन टर्बिनाफिनच्या बाबतीत चांगली माहीत आहे. गोळी त्याच क्षणी बंद, आजोबा दवाखान्यात भरती. दहा दिवसांत उकडलेल्या बटाट्यासारखी साल निघून खालून नवी कातडी आली.

जॉबरचे फोड आणि आजोबांचे फोड. दोन्हीकडे वाक्य एकच: गोळी सुरू केली आणि अंगावर उठलं. एकीकडे गोळी चालू ठेवायला हवी होती, दुसरीकडे एक दिवसही जास्त गेला ते वाईट झालं. आजोबांच्या केसपेपरवर मी लाल शाईनं लिहिलं, पण या वेळी असं: 'टर्बिनाफिन, २५० मि.ग्रॅ., दहावा दिवस, ताप व पुटकुळ्या, फोटो जोडला आहे. इतर कुळातली बुरशीवरची औषधं देता येतील.'

२०२१ चा मे महिना आठवला की अजून घशाला कोरड पडते. कोविडमागून काळी बुरशी आली होती. जिल्ह्याजिल्ह्यांत ॲम्फोटेरिसिनच्या कुप्या मोजून वाटल्या जात होत्या. लायपोसोमल प्रकार संपला की जुना साधा प्रकार द्यावा लागे, ज्याच्या नुसत्या नावानं निवासी डॉक्टर घाबरत. एका रात्री साडेअकराला एका रुग्णालयातून एका शिकाऊ डॉक्टरचा फोन आला. तिचा आवाज थरथरत होता. पन्नाशीचा रुग्ण, सायनसचं ऑपरेशन झालेलं, सलाईन लावून तासभर झाला आणि पलंग हलावा इतकी हुडहुडी, ताप १०३. "मॅडम, ॲलर्जी आहे. बंद केलंय. फाइलवर लिहू ना?"

मी म्हटलं, "आधी बीपी सांग." नीट होतं. छातीत शिट्टी? नाही. गांधी? जीभ, ओठ सुजलेत? नाही. सुरू केल्यावर किती वेळानं? पन्नास मिनिटं. खरी जीवघेणी ॲलर्जी बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते, बीपी पाडते, श्वास अडवते. ही ती नव्हती. ॲम्फोटेरिसिन स्वतःच पांढऱ्या पेशींना ताप आणणारी रसायनं सोडायला लावतं. त्याला ॲलर्जी लागत नाही, जवळजवळ कुणालाही होऊ शकतं. आणि त्या फाइलवर त्या रात्री 'ॲलर्जी' लिहिलं असतं, तर त्या माणसाला द्यायला दुसरं काय होतं? त्या आठवड्यात आमच्याकडे जवळपास काहीच नव्हतं.

"पॅरासिटामॉल दे, हायड्रोकॉर्टिसोन दे, थरथर थांबायला पेथिडिन दे. पांघरूण घाल. थरथर थांबली की पुन्हा सुरू कर, निम्म्या वेगानं. ॲड्रिनॅलिन भरून हाताशी ठेव. मी फोन ठेवत नाही."

पहाटे चारपर्यंत व्हिडिओ कॉलवर मी एका अनोळखी माणसाच्या छातीचं वरखाली होणं बघत बसले. ती मुलगी दर दहा मिनिटांनी बीपी वाचून दाखवत होती. मला भीती वाटत नव्हती असं नाही. मी इथं घरात होते आणि चुकले तर भोगणार तिकडचा माणूस होता. कुपी संपली तेव्हा तो झोपलेला होता. सहा आठवड्यांनी तो घरी गेला. एक डोळा वाचला नाही, जीव वाचला.

जॉबरकडे परत येते. २०१९ च्या त्या जूनमध्ये मी प्रथम त्याच्या कमरेची साल काढून मायक्रोस्कोपखाली त्यालाच दाखवली. फांद्या फुटलेले बुरशीचे धागे. सहा वर्षं अंगावर वागवलेली गोष्ट तो पहिल्यांदा बघत होता. "सुतासारखंच हाय की," तो म्हणाला. मी टर्बिनाफिन पुन्हा दिलं नाही. आपल्याकडची बुरशी तोवर त्या औषधाला बरीचशी दाद देईनाशी झाली होती. पुढच्याच वर्षी जपानच्या संशोधकांनी या हट्टी बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं, आपल्या देशाची खूण त्या नावात अडकवून. मी इट्राकोनॅझोल निवडलं. रक्ताच्या तपासण्या केल्या. पहिली कॅप्सूल दवाखान्यात, जेवणाचा डबा इथंच खाऊन, आणि दोन तास बाकावर.

मग मी त्याला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं: चौथ्या-पाचव्या दिवशी हात पुन्हा खाजतील कदाचित. फोड येतील कदाचित. घाबरून गोळी बंद करायची नाही, मला फोन करायचा. पण ताप आला, तोंड आलं, डोळे लाल झाले, चेहरा सुजला, लघवी गडद झाली, कातडी दुखायला लागली, यातलं एक जरी झालं तर गोळी त्याच घडीला थांबवायची आणि रात्र असली तरी यायचं.

पाचव्या दिवशी सकाळी सातला बायकोचा फोन. "मॅडम, उठलं बघा. तवासारखंच."

दोघं आले. बोटांच्या कडांना तेच साबुदाणे. मी पंधरा मिनिटं त्याला तपासलं. तोंड, डोळे, गाठी, पोट, ताप. हाताच्या फोडाची साल काढली, बुरशी नव्हती. कमरेची कडी मात्र फिकी पडायला लागली होती. वेगळ्या कुळाचं औषध, रेणू वेगळा, आणि तरी तेच फोड, त्याच बोटांना, त्याच सुमाराला. दोन वेगळ्या औषधांची अगदी सारखी ॲलर्जी मानण्यापेक्षा दोन्ही वेळा जे समान होतं त्याच्यावर, म्हणजे मरणाऱ्या बुरशीवर, बोट ठेवणं मला पटलं. हातांना लावायला सौम्य मलम दिलं आणि म्हटलं, "गोळी चालू."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. सहा वर्षांपूर्वी याच फोडांवर मी हिच्यासमोरच नेमकं उलटं सांगितलं होतं. त्या रात्री मी दोनदा फोन करून विचारलं, ताप तर नाही ना.

आठवड्यानं तो आला तेव्हा फोड सुकून साल सुटत होती. मी जुना केसपेपर काढला. लाल ओळ खोडून काळी केली नाही. खालचं वाचता यावं अशी एकच आडवी रेघ मारली, निळ्या पेनानं त्या दिवशीची तारीख घातली, सही केली आणि खाली खरं निदान लिहिलं.

"म्हंजे तवा चुकलं व्हतं?"

"हो. माझं चुकलं होतं."

तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मला वाटलं आता बोलेल, आणि बोलायचा त्याला हक्क होता. तो म्हणाला, "मग माझ्या पोरीलाबी गोळी चालंल न्हवं?"

मुलीला तिच्या वजनाच्या हिशोबानं औषध सुरू केलं, बायकोलाही. महिन्यानं तिघं एकत्र आले. मी सांगितल्याप्रमाणे बायकोनं कालनिर्णयाचं पान आणलं होतं. पहिल्या आठवड्याच्या चौकटींत 'खाज' होतं, कुठं 'लई खाज', पाचव्या दिवसाच्या चौकटीत नुसतं 'हात'. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी. त्याच्यापुढच्या चौकटींत दूध एक लिटर, दूध दीड लिटर, दूध एक लिटर.